लादीची पाठ

पनवेलास एक जुना वाडा पाडला जात असता आम्ही तो पाहावयास गेलो होतो. माजघरातील फुलांच्या नक्षीची लादी पहारीने निघत होती. आजोबांनी थेट विलायतेहून आणविलेली मिंटनची लादी ही, असे घरधनी अभिमानाने सांगत होते. आम्ही एक तुटका तुकडा उचलला. वर दीड-दोन सुतांचा रंगीत थर आणि खाली करडे सिमेंट!

खरी मिंटनची लादी भाजलेल्या मातीची. 1830 साली सॅम्युएल राइट या इंग्रज कुंभाराने तिच्या रीतीचे पेटंट घेतले व पुढे स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हर्बर्ट मिंटनने ती नावारूपास आणली. ओल्या मातीवर साचा दाबून नक्षी खोल उमटवावयाची, त्या खळग्यांत दुसऱ्या रंगाची पातळ माती ओतावयाची, सुकल्यावर वरचा भाग तासून सपाट करावयाचा आणि मग भट्टी. रंग वरवरचा नसल्यामुळे पिढ्या चालून गेल्या तरी फूल पुसत नाही. 1840 साली रिचर्ड प्रॉसरने जवळजवळ कोरडी मातीची पूड यंत्राने दाबण्याची युक्ती काढली. ती मुळात गुंड्यांसाठी. मिंटनने ती लाद्यांस लावली. भायखळ्याच्या 1872 सालच्या वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, मिंटनच्या लाद्या आजही पाहावयास मिळतात.

मग वाड्यातील लादी कोठली? सिमेंटच्या लादीस भट्टी लागतच नाही. धातूच्या पट्ट्यांच्या खणांत रंगीत सिमेंट ओततात, खण उचलून घेतात, वर वाळू-सिमेंट भरून दाबयंत्राखाली चेपतात आणि पाण्यात मुरू देतात. अशा लाद्यांसाठी 1922 साली फिरोजशा व रुस्तम सिधवा या चुलत्या-पुतण्यांनी भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना होता पनवेलच्या शेजारीच, उरणला. विलायती लादीच्या तोडीची स्वदेशी लादी करावी, हा त्यांचा हट्ट. वाड्यातील लादी त्यांचीच, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आम्ही उचललेल्या तुकड्यावर छाप नव्हता.

पाठ पाहावी ती यासाठीच. मिंटन, मॉ वगैरे इंग्रज कारखानदार आपले नाव बहुधा पाठीवर उठवीत. ती चुन्यात बसलेली. घर उभे असेतो कोणास दिसत नाही, आणि घर पडले की ढिगाऱ्यात जाते.

मिंटनचे नाव गेले तेव्हा घरधनी खट्टू झाले होते. उरणचे नाव निघताच त्यांनी गड्यांना हात थांबवावयास सांगितले. चौदा लाद्या अख्ख्या निघाल्या. बाकीचा माल तोवर ट्रकात चढला होता.