लहान चणीचा टेरियर : संगोपन आणि सल्ला

टेरियर हा शब्द लॅटिन भाषेतील 'टेरा' म्हणजे भूमी या शब्दावरून आला आहे. कोल्हा, बॅजर, उंदीर यांसारख्या बिळात राहणाऱ्या प्राण्यांना त्यांच्या बिळातच गाठावे व बाहेर हुसकावून लावावे, या कामासाठी ब्रिटिश बेटांतील शेतकऱ्यांनी आणि शिकाऱ्यांनी जी कुत्री पिढ्यान् पिढ्या निवडून वाढविली, त्या सर्वांचे हे समान नाव होय. मेंढ्या राखणारे कुत्रे धन्याच्या दृष्टीसमोर असते व त्याच्या शिट्टीवर चालते. टेरियर मात्र एकदा बिळात शिरला की अंधारात एकटा असतो. पुढे जावे की थांबावे हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. आपण कोठे आहोत हे वर उभ्या असलेल्या धन्याला कळावे म्हणून त्याला भुंकत राहावे लागते. वाट बुजली तर ती उकरावी लागते. आणि स्वतःहून मोठे जनावर दात विचकून समोर उभे राहिले तरी माघार घेऊन चालत नाही. घरात टेरियर पाळणारा मनुष्य पुढे ज्यांना त्याचे अवगुण म्हणतो, म्हणजे हट्टीपणा, अखंड भुंकणे, कुंड्यांतील माती उकरणे, दहापट मोठ्या कुत्र्यावर धावून जाणे, ते सर्व मुळात त्याच्या व्यवसायाचे गुण आहेत.

या कुळातील अगदी लहान जात म्हणजे यॉर्कशायर टेरियर. आपल्या देशातील मोठ्या शहरांतून, विशेषतः सदनिकांत राहणाऱ्या कुटुंबांत, ती आता पाहावयास मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडमधील विणकर कामाच्या शोधात उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायर व लँकेशायर येथील गिरणगावांत आले, त्यांच्याबरोबर त्यांची लहान केसाळ कुत्रीही आली. गिरण्यांत उंदीर पुष्कळ होते आणि विणकरांची घरे लहान होती, त्यामुळे लहान व चपळ कुत्र्याला मागणी राहिली. १८६५ साली जन्मलेला 'हडर्सफील्ड बेन' नावाचा नर हा या जातीचा मूळ पुरुष मानला जातो. तो अवघी सहा वर्षे जगला, परंतु त्याची संतती सर्वत्र पसरली. पुढे रेशमासारख्या लांब केसांमुळे ही कुत्री श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत गेली आणि त्यांच्या डोक्यावर फिती बांधण्यात येऊ लागल्या. पूर्ण वाढलेल्या यॉर्कशायर टेरियरचे वजन साधारणतः तीन किलोच्या आसपास असते.

फितीमुळे स्वभाव पालटत नाही. १९४४ साली न्यू गिनीच्या जंगलात एका खंदकात सापडलेली 'स्मोकी' नावाची यॉर्कशायर टेरियर मादी विल्यम विन या अमेरिकी सैनिकाजवळ राहिली. तिचे वजन दोन किलोहूनही कमी होते. १९४५ च्या आरंभी फिलिपीन्समधील लिंगायेन येथील धावपट्टीखालून तारायंत्राची तार न्यावयाची होती. त्यासाठी सुमारे ७० फूट लांबीची व केवळ आठ इंच व्यासाची एक नळवाट उपलब्ध होती, आणि तीही जागोजागी मातीने भरलेली होती. स्मोकीच्या गळपट्ट्याला दोर बांधून तिला पलीकडून हाक मारण्यात आली, आणि ती अंधारातून तो दोर ओढीत बाहेर आली. ती निघून गेली नसती तर धावपट्टी खणावी लागली असती, आणि ते काम करणारी माणसे व उभी असलेली विमाने शत्रूच्या माऱ्यासमोर उघडी पडली असती. वंशपरंपरेने तिच्यात उतरलेले कामच तिने येथे केले.

तेव्हा या पिल्लाच्या संगोपनात दोन गोष्टी एकाच वेळी लक्षात ठेवाव्या लागतात. त्याचे मन टेरियरचे आहे आणि त्याचे शरीर एखाद्या पाखराएवढे नाजूक आहे. पहिली गोष्ट विसरणारे लोक त्याला खेळणे समजून सदैव कडेवर ठेवतात, मग ते चावरे व भित्रे होते. दुसरी गोष्ट विसरणारे त्याला मोठ्या कुत्र्याची लहान प्रत समजतात. दुसऱ्या चुकीत पिल्लू दगावण्याचा संभव असतो, म्हणून तिच्याविषयी अधिक विस्ताराने सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दिल्लीतील आमच्या वसाहतीच्या बागेत सकाळी कुत्र्यांना फिरावयास आणणाऱ्यांचा एक लहानसा समूह जमत असे. माझ्याजवळ तेव्हा ३२ किलो वजनाचा अल्सेशियन होता, आणि अनेक वर्षे कुत्री पाळल्यामुळे नव्या मंडळींना सल्ला देण्याचा मान आपोआपच माझ्याकडे आला होता. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी तीन महिन्यांचे यॉर्कशायर टेरियर आणले होते. पावसाळ्यात त्याच्या अंगावर गोचिडी झाल्या. मानेवर घालावयाच्या औषधाची माझ्याकडे उरलेली एक नळी मी त्यांना दिली आणि म्हटले, 'लहान आहे, तेव्हा अर्धीच घाला.' ती नळी २० ते ४० किलोच्या कुत्र्यासाठी होती. म्हणजे तिचा अर्धा भागही किमान दहा किलोच्या कुत्र्यापुरता होता, आणि ते पिल्लू सव्वा किलोचे होते. मात्रा निदान आठपट झाली. हे गणित मी बागेत केले नाही.

संध्याकाळपर्यंत पिल्लाच्या तोंडातून लाळ गळू लागली, मागचे पाय लटपटू लागले व अंगाला कंप सुटला. पशुवैद्यांनी दूरध्वनीवरूनच सांगितले की कोमट पाण्याने व सौम्य साबणाने औषध धुऊन काढावे, पिल्लू कोरडे करून उबेत गुंडाळावे, ग्लुकोजचे पाणी बोटाने हिरड्यांना चोळावे आणि तडक घेऊन यावे. दोन दिवस ते रुग्णालयात होते. ते वाचले. बाईंनी मला दोष दिला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, 'तुम्ही वजन विचारले नाहीत, आणि मलाही ते सांगावेसे सुचले नाही.'

हिरड्यांना साखर चोळण्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मोठ्या प्राण्याच्या यकृतात व स्नायूंत शर्करेचा साठा असतो, आणि उपास घडल्यास तो उपयोगी पडतो. एक-सव्वा किलोच्या पिल्लात हा साठा नाममात्र असतो. उलट शरीराच्या मानाने कातडीचा विस्तार अधिक असल्यामुळे उष्णता झपाट्याने निघून जाते, आणि मेंदूला तर अखंड शर्करा हवी असते. पाच-सहा तास अन्न चुकले, थंडी वाजली, जुलाब झाले किंवा नुसते खेळून दमले, तरी रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. पिल्लू प्रथम मलूल होते, मग दारू प्यायल्यासारखे झोकांड्या देते, अंग थंड पडते, आणि शेवटी आचके येतात. ही मलूल अवस्था पाहून 'दमले आहे, झोपू द्या' हा सल्ला हमखास दिला जातो, आणि तो ऐकणे घातक ठरते. साखर किंवा मध हिरड्यांना लावून उबेत ठेवावे व पशुवैद्याकडे न्यावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी ओतू नये, कारण ते फुप्फुसात जाते.

म्हणून तीन महिन्यांपर्यंत अशा पिल्लास दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा व पुढे दोन वेळा खावयास द्यावे. रात्रीचे शेवटचे खाणे उशिरा असावे. आपल्याकडे पोळी कुस्करून दुधात घालण्याची पद्धत आहे. तिने पोट भरते, परंतु वाढत्या पिल्लास लागणारी प्रथिने मिळत नाहीत, आणि गायी-म्हशीच्या दुधातील शर्करा न पचल्याने पुष्कळदा जुलाब होतात. अंडे, हाडे काढलेले शिजविलेले कोंबडीचे मांस व भात हा आहार चांगला. तयार खाद्य देणाऱ्यांनी ते पिल्लांसाठीचे व लहान दाण्याचे निवडावे. लहान जबड्यात दुधाचे दात पुष्कळदा पडत नाहीत व सातव्या महिन्यात सुळ्यांची दुहेरी रांग दिसते. ते दात काढून घ्यावे लागतात. खिरीतील मनुका, कांदा, चॉकलेट आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या त्याच्या वाटेतून दूर ठेवाव्या. अल्सेशियनने एखादी मनुका खाल्ली तर कदाचित काही होणार नाही. या पिल्लाबाबत ती जोखीम पत्करू नये.

हाडे व श्वासनलिकाही तशीच नाजूक. पलंगावरून उडी मारून पुढचा पाय मोडल्याची उदाहरणे या जातीत नेहमीची आहेत. श्वासनलिकेच्या कूर्चा मऊ असल्याने गळपट्ट्याला हिसका बसला की खोकल्याची उबळ येते. साखळी छातीभोवतीच्या पट्ट्याला बांधावी.

पिल्लू घरी किती वयाचे आणावे? २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. इतक्या लहान जातीचे पिल्लू दहा-बारा आठवडे आईजवळ राहिले तर अधिक बरे. भावंडांशी खेळताना जोराने चावले की समोरचे ओरडते व खेळ थांबतो. दातांचा जोर आवरावयास पिल्लू येथेच शिकते. हे शिक्षण माणसाला देता येते, परंतु त्यास महिने लागतात.

आता एका खऱ्या पेचाकडे वळू. स्कॉट व फुलर या अमेरिकन संशोधकांनी दीर्घकाळ केलेल्या निरीक्षणांवरील १९६५ सालच्या ग्रंथात असे दाखवून दिले की तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन जगाशी ओळख करून घेण्यास विशेष अनुकूल असते. या काळात माणसे, वाहने, आवाज न अनुभवलेले पिल्लू पुढे प्रत्येक नव्या गोष्टीला भिते, आणि भ्यालेला टेरियर भुंकतो व चावतो. दुसरीकडे, १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेलेला पार्व्हो हा आतड्यांचा रोग नेमका याच वयात पिल्लांना मारतो, आणि त्याचे विषाणू मातीत कित्येक महिने टिकतात. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिद्रव्ये पिल्लाचे रक्षण करतात, तशीच ती लसही निष्प्रभ करतात. ती कोणत्या दिवशी संपतील हे सांगता येत नाही, म्हणून सहाव्या-आठव्या आठवड्यापासून सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने लस पुनःपुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात द्यावी व पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे तिची पुनरावृत्ती करावी. घराबाहेर न पडणाऱ्या कुत्र्यासही ती हवीच.

तर मग पिल्लाला बाहेर न्यावे की नेऊ नये? येथे मात्र लहान चण उपकारक ठरते. कापडी पिशवीत घालून खांद्यावर घेतलेल्या पिल्लास रिक्षा, भाजीबाजार, शाळेची घंटा, मंदिरातील नगारा, छत्री उघडणारा मनुष्य हे सारे दाखविता येते, आणि त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. अल्सेशियनच्या पिल्लाला उचलून फिरविण्याचा प्रयत्न ज्यांनी केला आहे त्यांना या सोयीचे मोल कळेल.

मलमूत्रविसर्जनाच्या शिस्तीविषयी लोक फार बोलतात, परंतु सांगण्यासारखे थोडे आहे. मूत्राशय लहान, तेव्हा झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर व खेळल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्यावे आणि काम होताच शाबासकी द्यावी. नाक घासण्याची शिक्षा निरर्थक आहे. ही जात इतरांपेक्षा उशिरा शिकते, असा माझा अनुभव आहे.

उत्तर भारतातील उन्हाळा हा वेगळा प्रश्न होय. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगास घाम येत नाही, ते धापा टाकून शरीर थंड करते. आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर चालणाऱ्या प्राण्याला रस्त्याची धग अधिक लागते. तळहाताची पाठ रस्त्यावर सात सेकंद ठेववत नसेल तर त्याला तेथे चालवू नये. हिवाळ्यात याच्या उलट: या जातीला केसांचा आतील दाट थर नसतो, त्यामुळे जानेवारीत अंगरखा घालणे ही हौस नसून गरज आहे.

उंदरांविषयीही सावध केले पाहिजे. टेरियरने उंदीर मारला की घरातील सर्वांना अभिमान वाटतो. आपल्या शहरांतील उंदराबरोबर लेप्टोस्पायरोसिस येतो आणि पुष्कळदा विषही येते. रक्त गोठू न देणारे उंदरांचे विष पोटात गेल्यावर तीन-चार दिवस काहीच दिसत नाही. नंतर हिरड्यांतून वा नाकातून रक्त येऊ लागते. वेळीच कळल्यास 'के' जीवनसत्त्व हा त्यावर उतारा आहे. म्हणून उंदीर पकडल्याचा दिवस लिहून ठेवावा.

लिहून ठेवण्याची ही सवय आमच्या बागेत त्या शिक्षिकाबाईंनी लावली. त्या दर रविवारी स्वयंपाकघरातील वजनकाटा व एक वही घेऊन येतात. नवे पिल्लू आले की त्याचे वय, वजन आणि लसींच्या तारखा वहीत नोंदविल्या जातात. चपला चावणे, फटाक्यांना भिणे, शेजाऱ्यांची तक्रार, यांवर ज्याने त्याने आपला अनुभव सांगावा, आणि त्यात आम्हांला एकमेकांचा खरोखर फार उपयोग होतो. पंधरा घरांचा अनुभव एका पशुवैद्याजवळ नसतो. औषधाचे नाव निघाले की मात्र त्या वही उघडून प्रथम वजन मोठ्याने वाचतात, आणि बहुधा बोलणे तेथेच थांबते. वहीच्या आतील पुठ्ठ्यावर रात्री उघड्या असणाऱ्या दोन पशुचिकित्सालयांचे दूरध्वनी क्रमांक त्यांनी लाल शाईने लिहून ठेवले आहेत.