पितळेचा खांदा, पोलादाची डाय

संपादकांना हवा होता तो रायफलची काडतुसं स्वतः भरणाऱ्या अमेरिकी नेमबाजांवरचा लेख. पण या नेमबाजांच्या बाकावरच्या एका पोकळ पोलादी नळीने मला धरून ठेवलं. तिला डाय म्हणतात. झाडलेली पितळी पुंगळी तिच्यात दाबायची आणि पुन्हा मापात आणायची, एवढंच तिचं काम.

इतिहास थोडक्यात सांगतो. 1943 साली कॅलिफोर्नियातल्या ऑरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन यांनी गोळ्या घडवण्याच्या डाय बनवायला सुरुवात केली. त्यातून आरसीबीएस ही कंपनी उभी राहिली. आज बहुतेक रायफल डायचा बाहेरचा आटा एकाच मापाचा असतो, पाऊण इंचाहून थोडा जाड. त्यामुळे एका कंपनीची डाय दुसरीच्या प्रेसमध्ये, म्हणजे दाबयंत्रात, बिनबोभाट बसते.

खरी गंमत पुंगळीच्या पोटात आहे. .308 विंचेस्टरसारख्या काडतुसात दाब दर चौरस इंचाला 60,000 पौंडांच्या आसपास जातो. पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं, वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की ते किंचित आकसतं, म्हणून तर पुंगळी बाहेर निघते. पण पूर्वीइतकी बारीक ती होत नाही. त्या एका बंदुकीच्या चेंबरचा ठसा तिच्यावर राहतो. डाय हा ठसा पुसते. दांडा खाली ओढला की पुंगळी वर डायमध्ये शिरते, अंग आवळलं जातं, मान तर गरजेपेक्षा जास्तच. मग बाहेर येताना आतल्या सळईवरचं बोंड मान पुन्हा नेमकी उघडतं.

कळीची जागा मात्र खांदा, पुंगळीचं अंग मानेकडे निमुळतं होतं ती. बोल्ट रायफलसाठी जाणकार तो इंचाचा एक-दोन हजारांश भागच मागे सारतात. त्याहून कमी सारला तर बोल्ट बंद होताना अडतो. जास्त सारला तर दर बाराला पुंगळी ताणली जाते आणि बुडाजवळची भिंत झिजत जाते. कारखान्याची डाय सर्वांसाठी सारखी. चेंबर मात्र प्रत्येक बंदुकीचं निराळं. म्हणून सूचनापत्रक वाचून डाय घट्ट बसवणाऱ्यापेक्षा पुंगळी मोजून बसवणारा मला मोठा कारागीर वाटतो. वंगणाचंही तसंच. कमी पडलं तर पुंगळी आत रुतून बसते, जास्त झालं तर खांद्याला खळगे पडतात, कारण तेल दबत नाही.

यापुढची काळजी पितळेच्या स्वभावाची आहे. पुंगळीचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त. पुण्याच्या तांबट आळीत मठारताना भांडं कडक होतं, तसं हे दर दाबाला कडक होत जातं आणि शेवटी मान तडकते. आतला ताण किती घातक असतो, हे ब्रिटिश लष्कराने हिंदुस्थानात पाहिलं. पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेली काडतुसं न झाडताच चिरायची. पितळेतला ताण आणि मुतातून सुटणारा अमोनिया यांनी मिळून ती चिरली, हे 1921 मध्ये स्पष्ट झालं. म्हणून अमोनिया असलेली पॉलिश काडतुसं स्वतः भरणारे नेमबाज आजही पुंगळ्यांना लावत नाहीत.

मान आणि खांदा तापवून मऊ करता येतात. बुडाला मात्र आच लागू द्यायची नाही, सगळा दाब तिथेच पेलायचा असतो. तिथल्या झिजेवर म्हणूनच इलाज नाही. वाकवलेल्या तारेचं टोक आतून फिरवून खाच चाचपतात. एकीत ती लागली, की तितक्याच वेळा झाडलेल्या तिच्या सगळ्या जोडीदारणी संशयित ठरतात.