बालकांचे वेगधारण : एक दुर्लक्षित कुपथ्य

स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण आणि आतुराच्या विकाराचे प्रशमन ही आयुर्वेदाची दोन प्रयोजने आपण विद्यार्थिदशेपासून जाणतो. त्यांतही स्वास्थ्यरक्षणाचा उल्लेख प्रथम येतो. तथापि प्रत्यक्ष चिकित्सालयात हा क्रम उलटतो. मूल आजारी पडल्यावर ते आपल्याकडे येते, औषधयोजना होते, पथ्य सांगितले जाते. पण त्याची दिनचर्या विचारण्यास वेळ उरत नाही. या उणिवेची जाणीव आम्हांस एका बालरुग्णामुळे झाली.

दुसरीत शिकणारी सात वर्षांची मुलगी मूत्रदाह व ओटीपोटातील वेदना यांसाठी चार महिन्यांत तिसऱ्यांदा आली होती. मूत्रतपासणीत प्रत्येक वेळी जंतुसंसर्ग आढळला व प्रत्येक वेळी तो औषधांनी शमला. तिसऱ्या खेपेस आम्ही आईला विचारले, "शाळेतून पाण्याची बाटली कशी परत येते?" उत्तर आले, "भरलेलीच." मुलीशी बोलल्यावर उलगडा झाला. शाळेतील स्वच्छतागृहाची कडी मोडलेली होती आणि वर्गात परवानगी मागितली की मुले हसत. म्हणून ती पाणीच पीत नसे. साडेअकराला घर सोडल्यापासून संध्याकाळी सहाला परत येईपर्यंत ती वेग धरून ठेवी. हेतू कायम असताना आम्ही केवळ लक्षणांची चिकित्सा करीत होतो. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र आम्हीच विसरलो होतो.

शास्त्रदृष्टी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात तेरा अधारणीय वेग सांगितले आहेत. मूत्रवेग रोखल्याने बस्ती व मूत्रमार्गात शूल, मूत्रकृच्छ्र व शिरःशूल, तर पुरीषवेग रोखल्याने पक्वाशयशूल, शिरःशूल, आध्मान, मल व वायूचा अवरोध आणि पिंडिकोद्वेष्टन ही लक्षणे तेथे वर्णिली आहेत. पोट दुखते, डोके दुखते, पोटऱ्या दुखतात असे सांगणारी मुले आपण नित्य पाहतो. त्यांच्या बाबतीत हा अध्याय पुन्हा उघडावा.

आधुनिक शरीरक्रियाविज्ञानही याच दिशेने बोलते. मूत्र दीर्घकाळ बस्तीत साचून राहिल्यास जंतूंच्या वाढीस अवसर मिळतो; मुलींमध्ये मूत्रमार्ग आखूड असल्याने हा धोका अधिक. सात वर्षांच्या मुलाच्या बस्तीची धारणक्षमता सुमारे २७० मि.ली. असते, सहा-साडेसहा तास वेग धरणे तिला झेपणारे नव्हे. मलाचा वेग दाबल्यास मलातील जलांश शोषला जाऊन तो शुष्क व कठीण होतो. त्याच्या उत्सर्जनाच्या वेळी वेदना होतात, त्या भयाने मूल पुन्हा वेग रोखते आणि हे चक्र चालू राहते. पुढे मलाशय विस्तारून संवेदनाच मंदावते आणि साचलेल्या खड्यांच्या कडेने पातळ मल कपड्यात झिरपतो. पालक याला जुलाब किंवा घाणेरडी सवय समजतात. या अवस्थेत स्तंभन औषध देणे व मुलाला रागावणे, दोन्ही घातक होत.

सवय कशी लावावी?

मूल उपदेशाने कमी व अनुकरणाने अधिक शिकते. म्हणून घरातील मोठ्यांची दिनचर्या हाच त्याचा पहिला पाठ. एका वेळी एकच सवय घ्यावी आणि ती रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला जोडावी. न्याहारीनंतर मोठ्या आतड्याची गती स्वभावतः वाढते. त्या वेळी मुलाला पाच-दहा मिनिटे निवांत शौचास बसवावे. कमोड असल्यास पायांखाली पाट किंवा स्टूल द्यावे, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येऊन मलप्रवृत्ती सुलभ होते. मल झाला नाही तरी रागावू नये. बसणे ही सवय, मल होणे हे फळ. घरातून निघताना, शाळेच्या मधल्या सुट्टीत, घरी परतल्यावर व झोपण्यापूर्वी मूत्रविसर्जन करावे, असा क्रम ठरवून द्यावा. मुलींना शौचशुद्धी पुढून मागे करण्यास शिकवावे. त्यानंतर साबणाने किमान वीस सेकंद हात धुणे हा त्याच क्रमाचा शेवटचा टप्पा मानावा.

भय मात्र कदापि वापरू नये. बालकाला राक्षस-पिशाचांची नावे घेऊन घाबरवू नये, असे चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात स्पष्ट बजावले आहे. आजच्या घरात राक्षसाची जागा बागुलबुवाने, पोलिसाने आणि, खेदाने म्हणावे लागते, आपण वैद्यांनी घेतली आहे. 'ऐकले नाहीस तर सुई द्यायला लावू' असे ऐकून आलेले मूल आपल्याला मनातली अडचण कशी सांगेल?

त्याच सूत्रस्थानातील अध्यायात अधारणीय वेगांनंतर धारणीय वेगही येतात: लोभ, क्रोध, ईर्ष्या, कठोर वचन इत्यादी. आपल्या घरांत बहुधा याच्या उलट घडते. लघवी लागली तर 'जरा थांब' म्हणतो; मोबाइलसाठी हट्ट केला तर तत्काळ पुरवतो. शरीराचा वेग रोखू नये व मनाचा वेग आवरावा, हा विवेक मुलाच्या अंगी बाणवणे हेच दिनचर्येच्या शिक्षणाचे सार होय.

आपले कर्तव्य

वैद्यबंधु-भगिनींना आमची विनंती आहे की प्रत्येक शाळकरी बालरुग्णाच्या रुग्णपत्रकात तीन प्रश्नांना जागा द्यावी. शाळेत किती पाणी पितोस? शाळेत लघवीला जातोस का? शौचाला रोज, वेदनेविना होते का? हे प्रश्न मुलालाच, त्याच्या भाषेत विचारावेत. सज्वर मूत्रदाह, वारंवार होणारा संसर्ग, मलातून रक्त किंवा वजन घटणे आढळल्यास विनाविलंब तपासण्या करून बालरोगतज्ज्ञांचे साह्य घ्यावे.

दुसरे कर्तव्य चिकित्सालयाबाहेरचे. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे व सुरक्षित, पुरेसे पेयजल हे शाळेचे निकष म्हणून नोंदलेले आहेत. केरळातील शाळांत २०१९ मध्ये पाणी पिण्यासाठी स्वतंत्र घंटा देण्याचा उपक्रम सुरू झाला. आपल्या गावातील शाळेत पालकसभेला जाऊन वैद्याने अर्धा तास बोलणे अवघड नाही.

आमच्या त्या बालरुग्णाच्या आईने वर्गशिक्षिकांची भेट घेतली. कडी बसवली गेली. मधल्या सुट्टीत दोघी मैत्रिणींनी सोबत जावे असे ठरले. त्यानंतरच्या वर्षभरात मूत्रदाहासाठी ती आमच्याकडे आली नाही. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडण्याचा आमचा हेतू नाही. पण जे आमच्या औषधांनी तीनदा साधले नाही ते एका कडीने साधले, हे नोंदवून ठेवणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटते.