चार थेंबांचा ब्रेक

जुन्या मोटरसायकलचा पुढचा डिस्क ब्रेक पहिल्यांदा खोलणाऱ्याला एक प्रश्न हमखास पडतो: याची स्प्रिंग कुठे आहे? ड्रम ब्रेकमध्ये लायनर परत ओढायला स्प्रिंगा असतात, त्या डोळ्यांना दिसतात. कॅलिपरमध्ये मात्र एक पिस्टन, दोन पॅड आणि रबराच्या दोन रिंगा, एवढंच निघतं. वर हँडलवरच्या मास्टर सिलिंडरमध्ये एक स्प्रिंग असते खरी, पण ती तिथल्या पिस्टनपुरती. मग लिव्हर सोडल्यावर कॅलिपरचा पिस्टन मागे कोण ओढतं?

आतली रबरी रिंगच ओढते! ही रिंग कापून पाहिली तर तिचा छेद चौकोनी दिसतो, आणि सगळी करामत त्या चौकोनात आहे. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि रिंगेचा आतला काठ त्याला चिकटून पुढे वाकतो. बाहेरचा काठ खाचेतच बसलेला असतो. दाब गेला की रबर मूळ आकारात येतं आणि येताना पिस्टनला सोबत घेऊन येतं. मिलिमीटरचा काही अंश, बस. पॅड झिजले की पिस्टन रिंगेतून थोडा घसरून पुढे येतो आणि तिथून पुन्हा तेवढाच मागे जातो. म्हणून ड्रमसारखा हा ब्रेक अधूनमधून टाईट करावा लागत नाही. १९६९ साली होंडाच्या सीबी ७५० ला पुढे हायड्रॉलिक डिस्क मिळाली, २००१ मध्ये पुण्याच्या बजाजची पल्सर आली; दोन्हींच्या पुढच्या चाकाशी हीच चौकोनी रिंग राबते.

वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत बिघडतं तेही इथेच. पुढचं चाक हाताने फिरवलं तर जड जातं, डिस्क तापते. अशा वेळी लिव्हर दाबत राहून पिस्टन बाहेर काढावा, रिंग उचलावी आणि तिच्या खालची खाच बॅटरीच्या उजेडात बघावी. तळाशी चुन्यासारखी पांढरी पूड घट्ट बसलेली असते. ॲल्युमिनियम गंजून झालेली ही पूड फुगते, रिंगेला खालून उचलते आणि रिंग पिस्टनचा गळा आवळते. रिंगांचं नवीन किट टाकूनही ब्रेक धरतोच अशी तक्रार पुष्कळदा येते, त्याचं कारण ही न खरवडलेली खाच. माझ्या मते सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा अर्धा तास या खाचेला द्यावा. पिस्टनच्या क्रोमला खड्डे पडले असतील तर तो बदलावा. रबराला पेट्रोल किंवा साधं ग्रीस लावू नये, त्याने ते फुगतं. ताजं ब्रेक ऑइल चोळून रिंग बसवावी. ब्रेकचा पाइप जोडणाऱ्या बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर नवे घ्यावेत.

आता एक हिशेब करू. समजा मास्टर सिलिंडर १२ मिलिमीटरचा, कॅलिपरचा पिस्टन ३० मिलिमीटरचा आणि लिव्हरची पट पाच. बोटांनी ५ किलोचा जोर लावला तर मास्टर सिलिंडरवर २५ किलो येतो आणि पॅडवर दीडशे किलोंहून जास्त. सतराव्या शतकात पास्कलने मांडलेला नियम तो हाच. पण जोर वाढतो त्याची किंमत अंतरात मोजावी लागते. बोट १० मिलिमीटर हललं तर वरचा पिस्टन २ मिलिमीटर सरकतो आणि खालचा जेमतेम ०.३. या सगळ्यात जागचं हलणारं ऑइल पाव मिलिलिटरसुद्धा नाही. पाण्याचे चार-पाच थेंब होतील एवढं! भरधाव गाडी थांबते ती इतक्याशा ऑइलच्या सरकण्यावर, कारण ते दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही.

हवा आकसते. याच दाबाखाली तिचा बुडबुडा विसाव्या हिश्शाहून लहान होतो. म्हणजे पाइपात पाव मिलिलिटर हवा उरली की बोटांची सगळी हालचाल तीच गिळते. एअर काढायची ती यासाठी. लिव्हर दाबून धरायची, कॅलिपरचं निप्पल पाव आटा सैल करायचं, पारदर्शक नळीतून बुडबुडे गेले की निप्पल आवळायचं आणि मगच लिव्हर सोडायची. वरच्या डबीतलं ऑइल तळाला जाऊ द्यायचं नाही. बुडबुड्यांची ओढ वर जाण्याकडे आणि आपण त्यांना खाली ढकलतोय, म्हणून वेळ लागतो. टाकीवर ओलं फडकं टाकून ठेवावं. ब्रेक ऑइल रंग उचलतं.

हे ऑइल हवेतलं पाणीही ओढतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर भरपूर. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. आंबोलीचा घाट ब्रेक धरून उतरताना ऑइल तिथवर तापलं तर आतच वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच आकसते. लिव्हर हँडलला टेकते. म्हणून ब्रेक नीट चालत असला तरी दर दोन वर्षांनी ऑइल बदलावं.

काम झालं की गाडी जागेवरून हलवण्याआधी लिव्हर पुनःपुन्हा दाबावी. पॅड डिस्कपासून लांब असतात, पहिले काही दाब पोकळ जातात. लिव्हर दगडासारखी लागली की मगच किक मारावी.