कॉमिक्सचा धंदा आणि चित्राची मालकी

लहान मुलांचा तयार माल विकताना आज पहिला प्रश्न येतो तो चित्राचा. आई कापड चिमटीत धरून पाहते, मूल छातीवरचे चित्र पाहते, आणि सौदा बहुधा मुलाच्या बाजूने ठरतो. मारेगावसारख्या तालुक्याच्या गावीही साधा टी-शर्ट मागे पडतो आणि छोटा भीम छापलेला आधी उठतो. ही चित्रे धंद्यात कशी आली आणि त्यांचा पैसा कोणाकडे जातो, हे कॉमिक्सच्या इतिहासावरून चांगले समजते. (तस्वीर जायज की नाजायज हा मसला आलिमांचा आहे. आम्ही येथे फक्त व्यवहाराचे बोलत आहोत.)

अमेरिकेत ली फॉक या लेखकाने १९३४ साली ‘मँड्रेक’ आणि १९३६ साली ‘फँटम’ ही चित्रमालिका सुरू केली. रोज तीन-चार चौकटींची एक पट्टी वर्तमानपत्रात येई. पण ही पट्टी एका वर्तमानपत्राची नव्हती. किंग फीचर्स सिंडिकेट नावाची पेढी तीच पट्टी जागोजागच्या वर्तमानपत्रांना विकत असे. काढायची मेहनत एकदा आणि विक्री अनेक ठिकाणी. आपल्याकडे एका ठशाने कित्येक थान छापून निघतात, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की सिंडिकेट ठसा कोणाच्या हवाली करत नाही. ती फक्त तो उठवण्याची परवानगी विकते.

हाच फँटम मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ या नावाने आणला. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी व इतर भाषांतही अंक निघाले आणि मराठीत फँटमचा ‘वेताळ’ झाला. चित्रे तीच ठेवून फुग्यातील मजकूर तेवढा बदलायचा. उर्दू शाळेत शिकणाऱ्या आमच्या पिढीसाठी दिल्लीचे ‘खिलौना’ मासिक होते, पण वेताळासाठी मराठी अक्षरे जुळवत बसणारी मुलेही आमच्यात कमी नव्हती. १९९० साली इंद्रजाल बंद झाले.

इंद्रजालने १९७६ मध्ये ‘बहादूर’ हा देशी नायक काढला. चंबळच्या डाकूंशी लढणारा, अंगात भगवा कुर्ता आणि खाली जीन्स. त्याचे निर्माते आबिद सुरती. मूळचे गुजरातचे, वाढले मुंबईच्या डोंगरीत. लहानपणी युद्धकाळात रेल्वेतून जाणाऱ्या गोऱ्या सैनिकांनी फेकलेल्या कॉमिक्सचे एक पान हाती लागले आणि ते पाहून चित्रे काढू लागलो, असे त्यांनी सांगितले आहे. ‘धर्मयुग’ या हिंदी साप्ताहिकात त्यांचा ‘ढब्बूजी’ वर्षानुवर्षे चालला. (धंद्याशी संबंध नाही, पण सांगण्यासारखे आहे. याच सुरतींनी २००७ पासून मीरा रोडला घरोघर जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करण्याचे काम सुरू केले.) बहादूरची चित्रे गोविंद ब्राह्मणिया काढत. पुढे त्याच्या गोष्टी जगजित उप्पल लिहू लागले. म्हणजे पात्र टिकते, लिहिणारा हात बदलू शकतो.

‘अमर चित्र कथा’ १९६७ साली सुरू झाली. संपादक अनंत पै, प्रकाशक इंडिया बुक हाऊस. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारखे चित्रकार तिला लाभले. त्यात अकबर, चांदबीबी, टिपू सुलतान यांच्यावरही पुस्तके निघाली. हा सारा संग्रह २००७ मध्ये एसीके मीडिया या कंपनीने विकत घेतला. चित्रे तीस-पस्तीस वर्षे जुनी आणि सौदा ताजा! कापड इतके दिवस गोदामात ठेवले तर उंदीरच खातील.

मराठीत चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ मध्ये ‘सकाळ’मधून सुरू झाला. रोजच्या पट्टीतून त्याची पुस्तके झाली, २०१२ आणि २०१३ साली दोन चित्रपटही आले. एकाच खोडकर पोराने वर्तमानपत्र, पुस्तक आणि पडदा, तिन्ही दुकाने चालवली.

आता आपल्या गल्ल्यावर येऊ. चित्रावरील हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने चित्रकाराच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे राहतो. परवाना नसलेले चित्र आहे हे ठाऊक असून तसा माल विकला, तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. पोलीस मालही जप्त करू शकतात. म्हणून ठोक व्यापाऱ्याकडून असा माल उचलताना परवान्याची चौकशी करावी आणि पक्के बिल घ्यावे. कच्च्या चिठ्ठीवर चार पैसे वाचतात, पण माल पकडला गेला तर आपण तो कोठून घेतला हे दाखवायला हाती काहीच राहत नाही.

कारागिराची बाजू याहून नाजूक आहे. नोकरीत काढलेले चित्र, वेगळा करार नसेल तर, मालकाचे ठरते. पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्रावरही काढून घेणारा हक्क सांगू शकतो. म्हणून लिखापढी हवी. मुदतीच्या देण्याघेण्याची लिखापढी करण्याचा हुकूम सूरह बकरामध्ये आलेला आहेच. हक्क लिहून दिला पण मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षे धरतो.

खाका काढणारे, ठसे कोरणारे आपले भाऊ आणखी एका कलमात सापडतात. जो नमुना डिझाइन कायद्याखाली नोंदवता येतो पण नोंदवलेला नाही, तो मालकाच्या परवानगीने कारखानदारी पद्धतीने पन्नासहून अधिक नगांवर उठला की त्यावरील कॉपीराइट संपतो. पन्नास नग म्हणजे आपल्याकडे एका दिवसाचेही काम नाही. सन २००० च्या डिझाइन कायद्याप्रमाणे नोंदणी केली तर दहा वर्षे संरक्षण मिळते आणि ते पुढे पाच वर्षे वाढवता येते. मात्र अर्ज माल बाजारात येण्याआधी करावा लागतो, कारण नमुना एकदा उघड झाला की कायद्याच्या दृष्टीने तो नवा राहत नाही.