रेड रम (घोडा)

रेड रम (३ मे १९६५ – १८ ऑक्टोबर १९९५) हा आयर्लंडमध्ये जन्मलेला व इंग्लंडमध्ये प्रशिक्षित झालेला स्टीपलचेस म्हणजेच अडथळ्यांच्या शर्यतीचा घोडा होता. लिव्हरपूलजवळील एन्ट्री रेसकोर्सवर होणारी ग्रँड नॅशनल ही शर्यत त्याने १९७३, १९७४ व १९७७ अशी तीन वेळा जिंकली. १९७५ व १९७६ मध्ये तो दुसरा आला. ही शर्यत तीनदा जिंकणारा तो एकमेव घोडा मानला जातो. खुराच्या दुखण्यामुळे ज्याच्या कारकिर्दीविषयी शंका घेतली जात होती, अशा घोड्याने हे यश मिळवले. शिवाय ते अशा काळात मिळवले, की ज्या काळात या शर्यतीचे अस्तित्वच धोक्यात आले होते. त्यामुळे ब्रिटिश क्रीडा इतिहासात त्याला विशेष स्थान आहे.

जन्म व नाव

रेड रमचा जन्म आयर्लंडमधील किलकेनी परगण्यात मार्टिन मॅकेनरी यांच्या रॉसेनारा अश्वपैदास केंद्रात झाला. त्याच्या आईचे नाव मारेड व पित्याचे नाव क्वोरम. या दोन्ही नावांची शेवटची तीन-तीन रोमन अक्षरे जोडून ‘रेड रम’ हे नाव तयार करण्यात आले. हे नाव उलट वाचल्यास ‘खून’ या अर्थाचा इंग्रजी शब्द होतो, ही गोष्ट पुढे लोकांच्या कुतूहलाचा विषय ठरली. तो कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाचा व खच्ची केलेला घोडा होता.

त्याची पैदास सुमारे एक मैलाच्या सपाट शर्यती डोळ्यांसमोर ठेवून झाली होती. एक वर्षाचा असताना तो ४०० गिनींना विकला गेला. ७ एप्रिल १९६७ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या ग्रँड नॅशनलच्या आदल्या दिवशी, त्याने एन्ट्री येथेच आपली पहिली शर्यत धावली. अवघ्या पाच फर्लांगांच्या (सुमारे १ किमी) या सपाट शर्यतीत तो दुसऱ्या घोड्याबरोबर संयुक्त विजेता ठरला. विख्यात जॉकी लेस्टर पिगट यांनीही सुरुवातीच्या काळात त्याच्यावर स्वारी केली होती.

मालक बदलत गेल्याने प्रशिक्षकही बदलत गेले. लर्लाइन ब्रदर्टन यांच्या मालकीत असताना तो यॉर्कशरमधील बॉबी रेंटन यांच्याकडे अडथळ्यांच्या शर्यतींसाठी तयार झाला. रेंटन निवृत्त झाल्यावर काही काळ जॉकी टॉमी स्टॅक यांनी व त्यानंतर अँथनी गिलम यांनी त्याचे प्रशिक्षण पाहिले. या काळात त्याच्या पायात पेडल ऑस्टिआयटिस हा विकार आढळला. यात खुराच्या आतील हाडाला दाह होतो, टणक जमिनीवर टाप पडताच वेदना होते आणि घोडा लंगडतो. हा विकार सहसा पूर्णपणे बरा होत नाही.

साउथपोर्टचा समुद्रकिनारा

ऑगस्ट १९७२ मध्ये डोनकास्टर येथील लिलावात जिंजर मॅक्केन यांनी रेड रमला ६,००० गिनींना विकत घेतले. मॅक्केन हे साउथपोर्ट या समुद्रकाठच्या गावात जुन्या मोटारींची विक्री करीत, तसेच टॅक्सीही चालवीत. त्यांचा लहानसा तबेला मोटारींच्या दुकानामागे होता. त्यांच्या टॅक्सीतून नेहमी प्रवास करणारे वृद्ध उद्योजक नोएल ल मेअर यांच्यासाठी त्यांनी हा घोडा घेतला. ग्रँड नॅशनल जिंकणे हे ल मेअर यांचे तरुणपणापासूनचे स्वप्न होते.

खरेदीनंतर लवकरच किनाऱ्यावर फेरी मारताना घोडा लंगडत असल्याचे मॅक्केन यांच्या लक्षात आले. त्यांनी त्याला समुद्राच्या पाण्यात चालवण्यास सांगितले. पाण्याबाहेर आल्यावर त्याचे लंगडणे थांबले होते. थंड खाऱ्या पाण्याने दाह शमणे आणि मऊ वाळूत खुरांना कमी धक्के बसणे, ही त्यामागील कारणे सांगितली जातात. मोठ्या प्रशिक्षकांकडे हिरवळीची विस्तीर्ण मैदाने असत, तर मॅक्केन यांच्याजवळ फक्त ओहोटीच्या वेळची वाळू होती. या घोड्याला नेमकी तीच मानवली. मॅक्केन यांच्याकडील पहिल्याच हंगामात त्याने लागोपाठ पाच शर्यती जिंकल्या.

ग्रँड नॅशनलचे स्वरूप

त्या काळी ग्रँड नॅशनलचे अंतर ४ मैल ८५६ यार्ड (सुमारे ७.२ किमी) होते व त्यात ३० अडथळे ओलांडावे लागत. बीचर्स ब्रुक या अडथळ्यापलीकडील जमीन अलीकडच्या जमिनीपेक्षा खोल असल्याने तेथे अनेक घोडे पडत. चेअर हा अडथळा सुमारे १५७ सेंमी उंच आहे. शेवटच्या अडथळ्यानंतर अंतिम रेषेपर्यंत सुमारे ४५० मीटर धावावे लागते. ही ‘हँडिकॅप’ शर्यत आहे. म्हणजे घोड्याची गुणवत्ता जितकी अधिक, तितके अधिक वजन त्याला वाहावे लागते. त्यामुळे एकदा जिंकलेल्या घोड्याला पुढच्या वर्षी सहसा अधिक वजन मिळते व विजयाची पुनरावृत्ती अवघड होते.

१९७३ ची शर्यत

३१ मार्च १९७३ रोजीच्या शर्यतीत ३८ घोडे होते. क्रिस्प या ऑस्ट्रेलियन घोड्यावर १२ स्टोन (७६.२ किग्रॅ), तर रेड रमवर १० स्टोन ५ पौंड (६५.८ किग्रॅ) वजन होते. जॉकी रिचर्ड पिटमन यांच्या क्रिस्पने दुसऱ्या फेरीत मोठी आघाडी घेतली आणि शेवटच्या अडथळ्यापाशीही ती सुमारे १५ लांब्यांची होती (एक लांबी म्हणजे घोड्याच्या शरीराएवढे अंतर). मात्र अखेरच्या सपाट टप्प्यात क्रिस्प थकून झोकांड्या देऊ लागला. ब्रायन फ्लेचर यांनी रेड रमला भरधाव सोडले आणि अंतिम रेषेजवळ त्याने क्रिस्पला पाऊण लांबीने मागे टाकले. ९ मिनिटे १.९ सेकंद ही वेळ गोल्डन मिलर या घोड्याच्या १९३४ मधील विक्रमापेक्षा १८ सेकंदांहून कमी होती. हा नवा विक्रम १९९० पर्यंत टिकला.

या निकालानंतर बरीच सहानुभूती पराभूत क्रिस्पच्या वाट्याला आली, कारण त्याने विजेत्यापेक्षा २३ पौंड (सुमारे १०.४ किग्रॅ) अधिक वजन वाहिले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डोनकास्टर येथे समान वजनाने झालेल्या शर्यतीत क्रिस्पने रेड रमला हरवलेही. वजनाच्या सवलतीमुळेच रेड रम जिंकला, या आक्षेपाचे उत्तर पुढच्या वर्षी मिळाले.

१९७४ ते १९७७

१९७४ मध्ये रेड रमवर १२ स्टोन हे सर्वोच्च वजन ठेवण्यात आले. तरीही त्याने लेस्कार्गो या घोड्याला सात लांब्यांनी हरवले. त्यानंतर तीन आठवड्यांनी त्याने एअर येथील स्कॉटिश ग्रँड नॅशनलही जिंकली. एकाच हंगामात या दोन्ही शर्यती जिंकणारा तो एकमेव घोडा ठरला.

१९७५ मध्ये पुन्हा १२ स्टोन वजन घेऊन धावताना तो लेस्कार्गोच्या मागे १५ लांब्यांनी दुसरा आला. पुढे मॅक्केन व फ्लेचर यांच्यात मतभेद झाल्याने टॉमी स्टॅक हे त्याचे जॉकी झाले. १९७६ मध्ये १२ पौंड कमी वजन वाहणाऱ्या रॅग ट्रेडने त्याला दोन लांब्यांनी मागे टाकले. आता त्याचे वय झाले, असे अनेकांना वाटू लागले.

२ एप्रिल १९७७ रोजी तो १२ वर्षांचा होत आला होता व त्याच्यावर ११ स्टोन ८ पौंड (७३.५ किग्रॅ) वजन होते. आघाडीवरील घोडा पडल्यानंतर रेड रम पुढे आला आणि त्याने २५ लांब्यांनी विजय मिळवला. पाच ग्रँड नॅशनल शर्यतींतील एकूण १५० उड्यांमध्ये तो एकदाही पडला नाही. १९७८ मध्ये तो सहाव्यांदा उतरणार होता. परंतु शर्यतीच्या आदल्या दिवशी हाडाला बारीक तडा गेल्याचे आढळले व त्याची कारकीर्द तेथेच संपली.

एन्ट्रीच्या इतिहासातील स्थान

रेड रमच्या यशाचा काळ हा एन्ट्री रेसकोर्सच्या दृष्टीने अनिश्चिततेचा होता. १९७३ मध्ये मिराबेल टॉपम यांनी ते बांधकाम व्यावसायिक बिल डेव्हिस यांना विकले. त्यांनी तिकिटांचे दर वाढवल्याने १९७५ मध्ये प्रेक्षकांची संख्या फारच घटली. पुढे काही वर्षे लॅडब्रोक्स या पैजा घेणाऱ्या कंपनीने व्यवस्थापन सांभाळले आणि लोकवर्गणीच्या आवाहनानंतर १९८३ मध्ये रेसकोर्स जॉकी क्लबच्या ताब्यात आले. या दशकभरात लोकांचे लक्ष शर्यतीकडे टिकून राहण्यामागे रेड रमची लोकप्रियता हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

उत्तरायुष्य व मूल्यमापन

१९७७ च्या विजयानंतर बीबीसीच्या वार्षिक क्रीडा पुरस्कार कार्यक्रमात रेड रमला स्टुडिओत आणण्यात आले. दुसऱ्या ठिकाणाहून बोलणाऱ्या स्टॅक यांचा आवाज ऐकताच त्याने कान टवकारले. ब्लॅकपूलच्या प्रसिद्ध रोषणाईचा शुभारंभही त्याच वर्षी त्याच्या हस्ते—किंबहुना टापेने—झाला. निवृत्तीनंतर दुकानांच्या उद्‍घाटनांना त्याची उपस्थिती असे, तसेच ग्रँड नॅशनलपूर्वीच्या संचलनात तो अग्रभागी चाले. १८ ऑक्टोबर १९९५ रोजी वयाच्या ३० व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. एन्ट्री येथे अंतिम रेषेजवळ त्याला पुरण्यात आले. रेसकोर्सवर त्याचा पुतळा आहे.

निव्वळ गुणवत्तेचा विचार करता आर्कल किंवा गोल्डन मिलर यांना रेड रमपेक्षा श्रेष्ठ मानले जाते, कारण चेल्टनहॅम गोल्ड कपसारख्या समान वजनाच्या शर्यती त्यांनी वारंवार जिंकल्या. रेड रमचे श्रेष्ठत्व मुख्यतः एकाच मैदानावर दिसले. परंतु लांब अंतर, खोल उतरण असलेले अडथळे आणि घोड्यांची गर्दी यांतून वाट काढताना आवश्यक असलेली सावध उडी व चिकाटी त्याच्या ठायी होती. घोड्यांच्या मृत्यूंवरून टीका झाल्यानंतर येथील अडथळे पुढे टप्प्याटप्प्याने सौम्य करण्यात आले; त्यामुळे नंतरच्या विजेत्यांशी त्याची थेट तुलना करता येत नाही. २०१८ व २०१९ मध्ये टायगर रोल हा त्याच्यानंतर सलग दोनदा जिंकणारा पहिला घोडा ठरला; २०२० ची शर्यत कोविड महासाथीमुळे रद्द झाली व टायगर रोल ही शर्यत पुन्हा धावला नाही. तीन विजयांचा विक्रम रेड रमच्याच नावावर राहिला.