भीमगीतांची मैफल : श्रोत्याच्या बाजूने

पदवीच्या वर्गाला मी एकदा निबंध लिहावयास दिला होता : 'मी ऐकलेली सर्वोत्तम मैफल'. बऱ्याच मुलांनी शहरातल्या संगीत महोत्सवांविषयी लिहिले. काहींनी सिनेगायकांच्या मैदानी कार्यक्रमांचे वर्णन केले. आपल्या वस्त्यांतून आलेल्या तीन मुलांनी मात्र कोरे कागद परत दिले. कारण विचारले तेव्हा त्यांतला एक खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, आम्ही मैफल ऐकलेलीच नाही. आमच्याकडे फक्त जयंतीचा कार्यक्रम असतो."

हा लेख त्या 'फक्त' या शब्दाविषयी आहे. हा शब्द त्या मुलाचा नव्हे. संगीत कशाला म्हणावे, रसिक कोणाला म्हणावे, हे ज्यांनी ठरविले त्यांनी तो त्याच्या तोंडी घातला आहे. त्याला उत्तर देताना माझी स्वतःची सर्वोत्तम मैफल कोणती, हे मला आधी सांगितले पाहिजे.

ती मी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, हर्णे येथे ऐकली. दिवस बुद्धपौर्णिमेचा, 11 मे 1998. तेव्हा मी दहा वर्षांची होते. हर्णे हे मासळीचे बंदर. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग, आणि संध्याकाळी पुळणीवर मासळीचा लिलाव. आमची माणसे बंदरावर पाट्या वाहण्याची, बर्फ फोडण्याची कामे करीत, बाकीची मुंबईला. माझा एक काका 1982 च्या संपापर्यंत गिरणीत होता. मे महिन्यात हे सगळे मुंबईकर गावी येत, आणि वाडीत बुद्धजयंतीचा मंडप पडे. त्या वर्षी कव्वालीचा सामना ठेवला होता. एक पार्टी मुंबईची, दुसरी महाडकडची. मुंबईच्या पार्टीचे बुवा महापालिकेत झाडूखात्यात नोकरीला होते. साथीला पेटी, ढोलकी, बेंजो, खंजिरी आणि चार जणांचा कोरस.

ज्यांनी असा सामना पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी त्याची रीत सांगते. प्रथम त्रिसरण-पंचशील. सगळे उभे राहतात, गायकही. मग बुद्धाचे वंदनगीत, मग बाबासाहेबांचे. त्यानंतर सामना सुरू होतो. एक पार्टी शेर म्हणून गाणे उचलते आणि शेवटी सवाल टाकते : महाडच्या तळ्याचे पाणी कोणत्या साली घेतले? दीक्षेच्या दिवशी प्रतिज्ञा किती दिल्या? दुसऱ्या पार्टीने त्याच चालीत जवाब द्यावयाचा. जवाब चुकला तर मंडपच ओरडून दुरुस्त करतो. 20 मार्च 1927 ही तारीख मी शाळेच्या पुस्तकातून शिकले नाही. एका बुवांनी ती चुकीची सांगितली आणि माझ्या मागे बसलेल्या, आयुष्यात पाटी हातात न धरलेल्या चुलतीने ती बसल्या जागेवरून बरोबर करून दिली, तेव्हा ती मला कायमची पाठ झाली.

चालींविषयी आपल्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. भीमगीतांच्या चाली सिनेमाच्या, उसन्या. त्यात निर्मिती कुठली, असे म्हणतात. आपल्यातील शिकलेली माणसेही हे ऐकून ओशाळतात. येथे एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्या श्रोत्याला लिहिता येत नाही, त्याला ऐकलेले जवळ ठेवण्यासाठी वही नसते. चाल हीच त्याची वही. रेडिओवरून ती आधीच त्याच्या कानात बसलेली असते. गायकाने तिच्यात नवे शब्द भरले की श्रोत्याला फक्त शब्द उचलावे लागतात, आणि एका रात्रीत अख्खी वाडी गाणे घेऊन घरी जाते. वामनदादा कर्डक यांनी 1943 साली आपले पहिले गीत रचले तेही एका सिनेगीताच्या चालीवर. उसनवारी फक्त आमचीच मोजली जाते, हेही पाहण्यासारखे आहे. प्रल्हाद शिंदे यांच्या विठ्ठलगीतांनी कितीतरी घरांतली सकाळ उजाडते. त्याच गळ्याने आयुष्यभर भीमगीतेही गाइली. पहिल्या गाण्यांविषयी रसिक भरभरून बोलतात. दुसऱ्या गाण्यांची त्यांना माहितीही नसते.

आता त्या रात्रीकडे येते. मध्यरात्रीच्या सुमारास मुंबईच्या बुवांनी रमाबाई नगरचे गाणे घेतले. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात 11 जुलै 1997 रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. त्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि दहा माणसे मारली गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. वर्षही उलटले नव्हते. मंडपात घाटकोपरला राहणारी माणसे बसली होती. बुवांनी पेटी बंद केली आणि फक्त खंजिरीवर गाणे म्हटले. कोणी दाद दिली नाही, कोणी टाळी वाजविली नाही. गाणे संपल्यावर महाडच्या पार्टीने जवाब द्यावयाचा नियम होता. त्यांचे बुवा उठले, म्हणाले, "याला आमच्याकडे जवाब नाही," आणि खाली बसले. सामन्यात हार पत्करण्याचे इतके मोठेपण मी पुढे कुठल्याही मंचावर पाहिले नाही.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली होती. दुपारी राजस्थानात पोखरण येथे सरकारने अणुस्फोट केले आणि संध्याकाळी पंतप्रधानांनी ते जाहीर केले. बातमी रेडिओवरून वाडीत पोहोचली होती. काही तरुण खुशीत होते. पहाटे महाडच्या बुवांनी, बहुधा मघाच्या मौनाची भरपाई म्हणून, एक नवाच अंतरा उचलला. त्याचा आशय असा : आज पौर्णिमा कोणाची, आणि आज जमीन कशाने हादरली? एवढाच सवाल. तो कोणत्याही वहीत लिहिलेला नव्हता. त्या रात्रीपूर्वी तो अस्तित्वातच नव्हता. खुशीत असलेल्या पोरांपैकी एकाने उठून वाद घातला. बुवांनी गाणे थांबवून त्याचे ऐकून घेतले आणि दुसऱ्या अंतऱ्यात त्याला उत्तर दिले. कोणाचे बरोबर, याचा निकाल लागला नाही. पण बारा तासांपूर्वीच्या घटनेवर एका खेड्यातल्या बौद्धवाडीत गाण्यातून चर्चा झाली. वर्तमानपत्र आमच्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारी येत असे.

माझ्या दृष्टीने त्या रात्रीतली सर्वांत मोठी घटना मात्र वेगळीच आहे. अशा कार्यक्रमात श्रोते बक्षीस देतात. चिठ्ठीवर नाव, रक्कम आणि फर्माईश लिहून नोटेसह मंचावर पाठवायची, निवेदक ती भोंग्यावरून वाचतो. माझ्या आजीने कनवटीचे अकरा रुपये काढले आणि चिठ्ठी लिहायला मला सांगितले. मी विचारले, "आजी, तुझे नाव काय लिहू?" मला ते खरोखरच ठाऊक नव्हते. वाडीत ती कोणाची तरी आई होती, कोणाची तरी चुलती होती. बंदरावर तिला एकेरी हाक होती, तीही बहुतेक जातीवरून. तिने क्षणभर विचार केला आणि नाव सांगितले. थोड्या वेळाने निवेदकाने ते वाचले : आधी 'आयुष्मती', मग तिचे नाव, आजोबांचे नाव, आडनाव, आणि मग अकरा रुपये. भोंगा बंदराकडे तोंड करून बांधलेला होता. आजीने माझा हात घट्ट धरला. "आयकलंस काय गो? माजा नाव घेतलान."

अकरा रुपये ही बंदरावर कित्येक पाट्या वाहिल्याची कमाई होती. मध्यमवर्गीय टीकाकार या बक्षिसाच्या प्रथेला हसतात, गाण्याचा रसभंग होतो म्हणतात. ज्यांचे नाव जन्मापासून सन्मानाने घेतले गेले आहे, त्यांना तो रसभंग वाटणारच. आमच्याकडे नाव पुकारणे हाही मैफलीचाच भाग होता.

यामागे इतिहास आहे. आजोळच्या गावी आजोबांच्या आधीच्या पिढीला सणाला पालखीपुढे ढोल वाजवावा लागे. वाजविणारे देवळाच्या पायरीखाली उभे राहत, आणि मोबदला म्हणून वरून टाकलेले नारळ झेलत. संगीत आम्हांला नवीन नव्हते. पण ते वेठीचे होते; आमचे हात वाजवीत आणि ऐकणारे दुसरेच असत. अक्षराच्या बाबतीतही तेच. आमच्या दापोलीत गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त सैनिकाने 1888 साली 'विटाळ विध्वंसन' लिहिले. 1890 च्या दशकात दापोलीच्या पेन्शनर सैनिकांना, आपल्या मुलांना शाळेत घ्यावे म्हणून अर्ज करावे लागले. बाबासाहेबांचे आंबडवे गाव शेजारच्या मंडणगड तालुक्यात, आणि त्यांच्या बालपणाचा काही काळ दापोलीच्या कॅम्पात गेला. त्या मातीतही अक्षर सहज मिळत नव्हते.

म्हणून शाळेचे काम गाण्याने केले. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा गण, गौळण, बतावणी, वग हा साचा घेतला आणि आतला माल बदलला. 1930 च्या सुमारास भीमराव कर्डक व त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला आणि तो गावोगाव नेला. 14 ऑक्टोबर 1956 च्या धर्मांतरानंतर गणाच्या जागी वंदना आली आणि जलशाची जागा हळूहळू गायन पार्ट्यांनी घेतली. वामनदादांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. मुंबईत कोणीतरी त्यांना पत्र वाचावयास दिले. ते वाचता येईना, त्या शरमेने ते अक्षरे शिकले आणि दुकानांच्या पाट्या वाचत साक्षर झाले. ज्याला पत्र वाचता येत नव्हते त्या माणसाची गाणी, ज्यांना पत्र वाचता येत नव्हते अशा लक्षावधी माणसांना पाठ आहेत. ही साहित्यव्यवहारातली सामान्य घटना नव्हे. पण ती अभ्यासक्रमात क्वचितच येते.

पुढे शिक्षणासाठी मी पुण्यास गेले. सवाई गंधर्व महोत्सवही ऐकला. भीमसेन जोशी यांनी 1953 मध्ये सुरू केलेल्या त्या महोत्सवाचे मोठेपण मी नाकारीत नाही. तेथे मला कोणी अडविले नाही, आणि पहाटे ऐकलेला एक भैरव अजून आठवतो. पण तेथे मी एकदाही बोलले नाही, आणि बोलावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. हर्ण्याच्या मंडपात श्रोता गायकाला दुरुस्त करीत होता, त्याला सवाल घालीत होता, त्याच्याशी भांडत होता. श्रोत्यावाचून ती मैफल पुरीच होत नव्हती. दोहोंतले श्रेष्ठ कोणते, हा माझा प्रश्न नाही. एकीला मैफल म्हणायचे आणि दुसरीला 'फक्त कार्यक्रम', याला माझा नकार आहे.

परंतु आपल्याही चुका मांडल्या पाहिजेत. त्या रात्री मंचावर एकही स्त्री नव्हती. तारीख दुरुस्त करणारी माझी चुलती बाबासाहेबांचा पाळणा अप्रतिम म्हणत असे, पण बारशाला, घरात. तिला माईक कोणी दिला नाही, आणि ती गेल्यावर ते शब्दही गेले. आज कडूबाई खरात एकतारी घेऊन गातात आणि मोबाईलवरून त्यांचा आवाज घरोघर पोहोचतो, तेव्हा मला त्या चुलतीची आठवण होते. म्हणून मी मोबाईलला शत्रू मानीत नाही.

माझी खरी काळजी वेगळी आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर भोंग्यावर बंधन आले आणि रात्रभरचा सामना आक्रसला. ते निमित्त झाले. पण त्याची जागा आपण काय देऊन भरली? गेल्या काही वर्षांत आमच्या भागात जयंतीच्या वर्गणीतला मोठा वाटा डीजेच्या भिंतीवर जाताना मी पाहिला. त्या भिंतीपुढे नाचता येते, आणि पोरांनी जरूर नाचावे. रस्त्यावर नाचण्याचा हक्कही आपण मोठ्या किमतीने मिळविला आहे. पण त्या भिंतीला सवाल विचारता येत नाही. ती चुकली तर दुरुस्त करता येत नाही. आज सकाळी काय घडले, हे तिला ठाऊक नसते. आणि ती कोणाच्या आजीचे नाव घेत नाही.

कार्यकर्त्यांना माझी विनंती एवढीच : वर्गणीतून एका गायन पार्टीची सुपारी वेगळी काढा. संध्याकाळी पाचला सुरू करा, दहाला संपवा. पण सवाल-जवाब ठेवा, चिठ्ठ्या घ्या, आणि मंचावर बायकांना बसवा. शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी आपापल्या वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांची गाणी लिहून घ्यावीत. गाण्याखाली म्हणणारीचे नाव पूर्ण लिहावे, आडनावासह.

कोरा कागद देणाऱ्या त्या मुलाला मी पुन्हा लिहायला बसविले. त्याने जयंतीच्या कार्यक्रमावर चार पाने लिहून आणली. त्यात त्याच्या आजीचा उल्लेख होता, पण नाव नव्हते. मी समासात लाल शाईने लिहिले : 'नाव विचारून ये.'